गेटवरचं फुंकायचं मशीन आणि आदल्या रात्रीची क्वार्टर

सर, मी चाकणला प्रेस शॉपला आहे, परमनंट, ११ वर्षं झाली. मागच्या सोमवारी फर्स्ट शिफ्टला साडेसहाला गेटवर सिक्युरिटीने मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि बीप वाजला. आदल्या रात्री भाच्याच्या हळदीत घेतली होती, बारापर्यंत बसलो होतो, पण सकाळी एक थेंब नाही, देवाशपथ. आता चार्जशीट आलीय. एचआरवाले म्हणतात कबुली लिहून द्या, मॅटर इथंच मिटवतो. देऊ का लिहून?

आज तरी देऊ नका. मिटवतो म्हणणारा साहेब उद्या बदलून जातो आणि तुमच्या सहीचा कागद फायलीत तसाच राहतो, हे मी पर्सोनेलला (आताचं एचआर) असताना त्याच टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय.

पण आधी जरा हिशोब करू, कारण मशीन खोटं बोललं असेलच असं नाही. १८० एमएलची क्वार्टर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० एमएलला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं आणि शरीर तासाला ढोबळमानाने १५ मिलिग्रॅमच जाळतं, मग तुम्ही ताक प्या, कांदा खा नाहीतर थंड पाण्याने अंघोळ करा. बाराला ग्लास खाली ठेवला असेल तर साडेसहापर्यंत शंभरेक गेले, तरी पंचवीस-तीस उरले, आणि गाडी चालवायची कायद्यातली लिमिटच ३० आहे. हे एका क्वार्टरचं झालं, हळदीत एका क्वार्टरवर कोण उठतं ते तुम्हीच सांगा. तेव्हा उत्तरात ‘मी दारू प्यायलोच नाही’ असं काही लिहू नका. ‘ड्युटीवर किंवा ड्युटीच्या आधी सकाळी घेतली नाही’ एवढंच खरं आहे ना, मग तेवढंच लिहा.

मग मागायचं काय? मशीनवर आकडा किती आला तो मागा, नुसता बीप म्हणजे आकडा नव्हे. दुसऱ्यांदा फुंकायला दिलं होतं का, किती मिनिटांनी? मशीनचं कॅलिब्रेशन (ते आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी) शेवटचं कधी झालं, सर्टिफिकेट आहे का? तेव्हा हजर कोण होतं, डॉक्टरने तपासलं का? आणि कंपनीच्या पॉलिसीत लिमिट शून्य लिहिलंय की आणखी काही, आणि ती पॉलिसी तुम्हाला समजेल अशा भाषेत कधी दाखवली होती? स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन म्हणून जे लिहिलेलं असतं ते बहुतेक ‘नशेत असणे’ असं असतं. तुम्ही नीट चालत आलात, नीट बोललात, कुणाशी हुज्जत घातली नाही, मग नशेत होता हे कशावरून, हा प्रश्न चौकशीत विचारता येतो.

कुणीतरी तुम्हाला १९७१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं सांगेल, की नुसता वास आणि झोकांड्या यावरून दारू प्यायल्याचं पक्कं सिद्ध होत नाही. निकाल खरा आहे, पण ती फौजदारी केस होती, आणि खात्यातल्या चौकशीत पुरावा एवढा कडक लागत नाही. शिक्षा ठरवताना मात्र जुना रेकॉर्ड बघावा लागतो, आणि तुमची ११ वर्षं स्वच्छ असतील तर तीच तुमची खरी बाजू. युनियनचा माणूस सोबत घ्या. सस्पेंड केलंच तर पहिले ९० दिवस निम्म्या पगाराइतका भत्ता मिळायला हवा, तो मागून घ्या.

एक आठवलं म्हणून सांगतो. मी पर्सोनेलला होतो तेव्हा एका वयस्कर फिटरचा बीप वाजला, तो बिचारा माळकरी माणूस, खोकल्यासाठी गेटबाहेर होमिओपॅथीचे थेंब घेऊन आला होता. तोंडातलं अल्कोहोल पंधरा मिनिटांत उडतं, वीसेक मिनिटांनी दवाखान्यात फुंकला तर शून्य! तरी आमच्या कागदात दुसऱ्या टेस्टचा नियमच नव्हता म्हणून त्याचा दिवस कापला गेला. त्या कागदावर सही माझी होती.

नमस्कार. माझे मिस्टर नाशिकला कारखान्यात क्रेनवर आहेत. सकाळी हात थरथरतात म्हणून शिफ्टच्या आधीच थोडी घेतात. सुपरवायझरला माहितीय, तो सांभाळून घेतो. मी कंपनीत जाऊन सांगू का? नोकरी गेली तर दोन मुलं आहेत.

ताई, सुपरवायझर सांभाळून घेत नाहीये, तो क्रेनखाली उभ्या असलेल्या पोरांचा जीव टांगणीला लावतोय, आणि तुमच्या मिस्टरांचाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की दारूच्या किंवा ड्रग्जच्या अंमलामुळे अपघात झाला आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल, तर भरपाई द्यायला मालक बांधील नाही. म्हणजे हात चिरडला तर हातही गेला आणि पैसेही गेले.

पकडले जाण्याआधी बोलणं आणि पकडल्यावर बोलणं यात नोकरी राहण्या-न राहण्याइतका फरक पडतो. पण नुसतं तोंडी सांगायला जाऊ नका, आधी डॉक्टर. आणि हे फार महत्त्वाचं, त्यांना घरच्या घरी एकदम दारू बंद करायला लावू नका! सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीराला तिची सवय लागलीय, एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो, जीवावर बेततं. दवाखान्यात ठेवूनच सोडवायची. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मराठीतल्या मीटिंगा गावोगावी असतात, फुकट, आणि सरकारची हेल्पलाइन १४४४६.

डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की मग वेल्फेअर ऑफिसरकडे, म्हणजे कामगार कल्याण अधिकाऱ्याकडे जा (कारखान्यात २५० किंवा जास्त कामगार असतील तर तो ठेवावाच लागतो), सोबत मिस्टरांना न्या, अर्ज त्यांच्याच सहीने द्या, उपचारासाठी रजा हवी आणि परत आल्यावर काही दिवस क्रेन नको, खालचं काम द्या म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रास आजारातच धरलेत, हे अर्जात घालायला हरकत नाही. साहेब मंडळी कायद्याचं नाव वाचलं की जरा सरळ बसतात. नोकरी वाचेलच अशी खात्री मी देत नाही, पण उद्यापासून त्यांनी क्रेनवर चढू नये, रजा टाकून घरी बसले तरी चालेल.

दादा, मी रत्नागिरीचा, पहिलं जहाज जॉइन करतोय. मेडिकलमध्ये युरिन टेस्ट आहे. मित्र म्हणतात लिंबूपाणी प्यायल्यावर गांजाचं काही दिसत नाही. खरं का?

लिंबू वाया जाईल. एखाद्या वेळेस ओढला असेल तर काही दिवस, रोजचा असेल तर कित्येक आठवडे युरिनमध्ये दिसतो. तो उतरला कधीचाच असतो तरी दिसतो, आणि टेस्टला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. बोटीवर दारूची आंतरराष्ट्रीय लिमिट रक्तात ०.०५ टक्के आहे, पण बऱ्याच कंपन्या शून्यच धरतात. खोकल्याचं सिरप घेत असशील तर प्रिस्क्रिप्शन जवळ ठेव, कोडीनवालं (अफूच्या जातीचं औषध) असलं तर तेही लागतं टेस्टमध्ये. बाकी मित्र बदल.

माझी कोल्हापूरला छोटी फाउंड्री आहे, ४० माणसं. दारूबद्दल पॉलिसी करायचीय, नेटवरून एक इंग्रजी उतरवलीय १४ पानी. चालेल?

ती १४ पानं तुम्ही तरी वाचलीत का साहेब? एक पान करा, मराठीत, हिंदी बोलणारी पोरं असतील तर हिंदीतही. टेस्ट कुणाची करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, तोंड बघून नको, आणि चिठ्ठीत तुमचं आणि अकाउंटंटचंही नाव असू द्या. दुसरी टेस्ट वीस मिनिटांनी, आकडा रजिस्टरला, माणसाची सही. जो स्वतःहून येऊन सांगेल त्याला पहिल्यांदा उपचार आणि रजा, शिक्षा नाही, हे वाक्य ठळक अक्षरात.

आणि एक गोष्ट त्या १४ पानांत नसणार. बीप वाजला की आपल्याकडे काय करतात, ‘जा घरी’ म्हणून हाकलतात, आणि तो माणूस तशाच अवस्थेत बाइकला किक मारून हायवेला लागतो. पोलिसांनी धरला तर पहिल्या खेपेला १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ट्रकखाली गेला तर विषयच संपला. तेव्हा चावी काढून घ्या, रजिस्टरला लिहा, घरी फोन करा, रिक्षाचे पैसे तुम्ही द्या.