मधाची घनता की श्यानता?

प्रश्न असा आहे: ‘मधाची घनता पाण्यापेक्षा जास्त असल्याने तो सावकाश ओघळतो’ हे वाक्य बरोबर आहे का? नसेल तर शब्द कोणता घ्यावा, श्यानता, विष्यंदिता की साधा चिकटपणा?

वाक्यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक आहे ती ‘असल्याने’मध्ये. मधाची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते आणि मध सावकाशच ओघळतो, पण पहिलीमुळे दुसरी घडत नाही. घनता म्हणजे ठरावीक आकारमानात किती वस्तुमान आहे ते. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी वाहायला किती मोकळा! प्रवाहाला त्याचा आतून होणारा विरोध पाण्याच्या जेमतेम दीडपट आहे.

एरंडेलाचं उदाहरण मला याहून आवडतं. ते पाण्यावर तरंगतं, म्हणजे घनता पाण्याहून कमीच. तरी बाटली तिरकी केली की ते कसं रेंगाळत येतं! शेंगदाण्याचं तेलही तरंगतं, रेणूही साधारण तेवढेच लांब, पण एरंडेल त्याच्या दहापटीहून जास्त संथ वाहतं. कारण एरंडेलात मुख्यतः रिसिनोलिक आम्ल असतं आणि त्याच्या कार्बनच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असतो. त्या गटांमुळे शेजारशेजारच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध, म्हणजे एकमेकांना धरणारी हलकी ओढ, जुळतात, आणि वाहायचं तर ते सतत तुटावे लागतात. मधातल्या साखरांच्या रेणूंवर तर असे गट पाच-पाच असतात. मध कोमट केला की रेणूंची हालचाल वाढते, बंध टिकत नाहीत, आणि तो सैल होतो.

प्रवाहाला आतून होणाऱ्या या विरोधाला नाव श्यानता. संस्कृतात ‘श्यान’ म्हणजे गोठलेलं, दाट झालेलं. विष्यंदिताही त्याच अर्थाने वापरतात, पण त्यातला ‘स्यंद्’ धातू वाहण्याचा, पाझरण्याचा आहे. न वाहण्याच्या गुणाला तो उलटा वाटतो. म्हणून मी श्यानताच लिहीन.

घोटाळा होतो तो ‘घनदाट’सारख्या जोडशब्दांमुळे. घन आणि दाट एकच, असं कानाला वाटत राहतं. स्वयंपाकघरात मात्र भाषा चोख आहे: भज्यांचं पीठ सरसरीत, पिठलं पळीवाढं. इथे वजनाचा संबंधच नाही, पळीतून कसं पडतं तेवढंच पाहिलंय.

चिकटपणा तिसराच. द्रवाचे रेणू दुसऱ्या पदार्थाला किती धरतात, ते त्यात येतं. एकतारी पाक तपासताना दोन्ही गुण एकदम दिसतात: पाक बोटांना धरून राहतो हा चिकटपणा, आणि मधली तार लगेच तुटत नाही त्यात मोठा वाटा श्यानतेचा.