मागच्या बाकावरून नजर काढा

बी.एड.ची इंटर्नशिप सुरू होऊन महिना उलटला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. आधी 'पाठ कसा घेऊ' असं विचारणाऱ्या मुली 'मी या पेशात यायलाच नको होतं का' असं विचारायला लागतात. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीई या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात किमान २० आठवडे शाळेत काढायचे आले. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. आमचं बी.एड. वर्षभराचं होतं. ठरलेले पाठ झाले की शाळेशी संबंध संपायचा. १६ आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. एवढे दिवस आत राहिलं की शाळा जशी आहे तशी दिसते, आणि माणूस दमतोही. पुण्याच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली ही काही पत्रं, थोडक्यात.

प्रश्न : कर्वे रोडजवळच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. वर्गशिक्षिका बाहेर गेल्या की गोंधळ सुरू होतो. परवा एक मुलगा तोंडावर म्हणाला, "तुम्ही खऱ्या बाई थोड्याच आहात? तुम्ही तर जाणार." घरी येऊन खूप रडले. सगळे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणतात. पण राहायचं कसं?
– छात्राध्यापिका, वय २३

उत्तर : तो मुलगा खोटं बोललेला नाही. तू जाणारच आहेस. दरवर्षी त्याच्या वर्गात कुणीतरी नवी ताई येते, तक्ते लावते, पाठ घेते, शेवटच्या दिवशी पेनं वाटते आणि दिसेनाशी होते. ज्या माणसाचा लळा लागू द्यायचा नाही त्याला मुलं आधीच असं बोलून मोकळी होतात. तुझ्या जागी कुणीही असतं तरी तो हेच म्हणाला असता.

तुझं पत्र दीड पानाचं आहे आणि त्यात एकाही मुलाचं नाव नाही, हे मला जास्त खटकलं. 'एक मुलगा', 'मागच्या मुली', 'तो ग्रुप'. हजेरीपटावरून नावं उतरवून घे, बाकांचा नकाशा काढ आणि रोज दहा नावं पाठ कर. आठवड्याच्या आत वर्ग हाताशी येईल. 'ए मागचा, गप्प बस' आणि 'समीर, तुला काय वाटतं?' ही दोन वाक्यं एकाच वर्गात पाच मिनिटांच्या अंतरानं बोलून बघ, फरक कानांना कळेल. तास सुरू व्हायच्या आत फळ्यावर तीन मिनिटांचं छोटं काम लिहून ठेव, म्हणजे मुलं आत आल्या आल्या त्यांच्या हाताला काहीतरी असेल. गोंधळ बहुतेक वेळा त्या पहिल्या रिकाम्या मिनिटांत जन्मतो.

आता मी पाहिलेला एक पाठ सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मध्यवस्तीतल्या एका शाळेत आठवीचा 'बल व दाब' हा पाठ बघायला निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसले होते. शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची. दर दोन मिनिटांनी "कळलं का?" आणि वर्गाचं सुरात "होऽऽ बाई!" तिची नजर सारखी माझ्या वहीकडे. मग मध्येच तिनं पुस्तक मिटलं आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं, "तुझ्या दप्तराचा पट्टा खांद्याला टोचतो ना? का टोचतो?" मुलगी गप्प. ही पण गप्प राहिली. मी मनात मोजत होते, सहा, सात, आठ. त्या मुलीनं दप्तर खांद्याला लावलं, खिशातला रुमाल घडी करून पट्ट्याखाली सरकवला आणि म्हणाली, "बाई, असं केलं की कमी टोचतं. जागा वाढली ना." बल तेवढंच, क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी. अख्खा धडा त्या घडीत होता. शेजारच्या दोन मुलांनी लगेच रुमाल काढले.

त्या सात-आठ सेकंदांची किंमत फार मोठी आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असं त्यांना दिसलं. तोच थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. ही शांतता नव्या शिक्षकाला फार जड जाते, कारण त्याला वाटतं मागच्या बाकावरचा निरीक्षक ती मोजतोय. मोजू दे. तू त्या मुलीकडे बघ.

प्रश्न : मी ३७ वर्षांची, दोन मुलांची आई. बिबवेवाडीला राहते. माझं पाठाचं टाचण (तासाची लेखी आखणी) चार वेळा परत आलं. कॉलेजच्या मॅडम म्हणतात उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं नीट लिहा. शाळेतल्या बाई म्हणतात हे सगळं सोडा, पोर्शन पुढे न्या. रात्री साडेबारापर्यंत लिहिते आणि सकाळी दोघींच्या नजरेत चुकलेली असते.
– छात्राध्यापिका

उत्तर : तुमच्यावर दोन मालकिणी आहेत आणि दोघींना वेगवेगळ्या गोष्टीचा जाब द्यायचा आहे. कॉलेजच्या मॅडमना तुमचा विचार कागदावर दिसायला हवा, शाळेतल्या बाईंना सत्र परीक्षेआधी धडे संपवायचे आहेत. दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून त्यांच्यात निरोप्या होऊ नका. निरीक्षणाच्या दिवशी दोघींना पाच मिनिटं एकत्र उभं करा आणि एकच विचारा : तास संपताना मुलांनी काय करून दाखवलं की तुम्ही हा पाठ झाला म्हणाल? त्याचं जे उत्तर येईल ते टाचणाच्या माथ्यावर लिहा आणि बाकीचं त्याच्या खाली बसवा. साचा एकदा ठरला की तो बदलू नका. रोज फक्त आशय बदला. साडेबारा साडेदहावर येतील.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तीस वर्षं मी स्वतः निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुधारावे', 'आवाजात चढउतार हवा' असे शेरे लिहिले. कसं सुधारायचं हे शेजारी बसून सांगायला मात्र पुष्कळदा वेळ काढला नाही. पुढच्या पाठाची घाई असायची. त्याचं आज मला वाईट वाटतं. तुम्हाला असा शेरा मिळाला तर वही घेऊन परत जा आणि म्हणा, "मॅडम, एकदा करून दाखवता का?" नव्वद टक्के मार्गदर्शकांना हे आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांचा शेरा मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : हे लिहायला लाज वाटते. काल सातवीच्या एका मुलाच्या पाठीत माझा धपाटा बसला. तो सारखा बाकावर पट्टी वाजवत होता. वर्ग एकदम शांत झाला. शाळेत कुणी काही बोललं नाही, उलट एक सर म्हणाले, "आता ऐकतील." मला झोप लागली नाही.
– छात्राध्यापक, हडपसर

उत्तर : झोप लागली नाही हे चांगलं झालं. त्या सरांचं ऐकू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, आणि इंटर्न आहे म्हणून कुणाला सूट नाही. कायदा बाजूला ठेवला तरी वर्ग शांत झाला तो भीतीनं. ती शांतता टिकवायला उद्या आणखी जोरात मारावं लागतं. मी हे होताना पाहिलं आहे.

उद्या तीन कामं करा. मार्गदर्शक शिक्षकांना आणि कॉलेजच्या मॅडमना स्वतःहून सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत. त्या मुलाला बाजूला घ्या, त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, "मी तुला मारलं ते चुकलं. पुन्हा होणार नाही." पुढे 'पण तू सुद्धा' जोडू नका. आणि मग वर्गासमोरही एका वाक्यात सांगा, कारण धपाटा सगळ्यांनी पाहिला आहे. शिक्षकानं चूक कबूल केली की वर्गावरचा वचक जातो असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे.

पट्टी वाजवणाऱ्या हाताला काम द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, प्रयोगात पाणी ओतणं. आणि पुढच्या वेळी राग चढला की बोलणं थांबवून फळ्याकडे वळा, तारीख पुन्हा लिहा. तेवढ्यात हात खाली येतो.

प्रश्न : दुसऱ्याच आठवड्यात घसा बसला. शेवटच्या तासाला आवाजच निघत नाही.
– छात्राध्यापिका, वारजे

उत्तर : वर्गाच्या वर आवाज चढवू नकोस. ठरलेल्या जागी उभी राहा, हात वर कर आणि थांब. पाण्याची बाटली टेबलावर ठेव आणि दर तासाला घोट घोट पी. मधल्या सुट्टीत मैदानावर ओरडायचं नाही. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलू नकोस, त्यानंही ताण येतो. अजिबात न बोलणं बरं. एक तास गटकार्याचा ठेव. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखव, अंगावर काढू नकोस.

प्रश्न : मला शिकवायला मिळतच नाही. ऑफ तास, पेपर तपासणं, ऑनलाइन माहिती भरणं, खिचडी वाटताना रांग लावणं. मी शिकायला आले की फुकट राबायला?
– छात्राध्यापिका, धनकवडी

उत्तर : दोन्ही. यातली काही कामं शिक्षकाच्या आयुष्याचा भाग आहेत आणि ती आत्ताच माहीत झालेली बरी. खिचडीच्या रांगेत तर मुलांबद्दल जे कळतं ते तासाला कळत नाही : कोण दोनदा घेतं, कोण डब्यात घालून धाकट्या भावाला नेतं. पण ठरलेले पाठ बुडत असतील तर गप्प बसू नकोस. आठवडाभर रोज कोणत्या तासाला काय केलं ते लिहून ठेव आणि तो कागद कॉलेजच्या इंटर्नशिप समन्वयकांपुढे ठेव. तक्रारीपेक्षा वेळापत्रक लवकर काम करतं. ऑफ तास मिळाला तर तो तुझाच समज. तिथे निरीक्षक नसतो, टाचण नसतं. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींना आपण शिकवू शकतो हे अशाच तासाला कळलं.

प्रश्न : मी अंबाजोगाईकडचा, वय २६. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, मेसचे पैसे गावाकडून येतात. सकाळी दोन बस बदलून वाघोलीकडच्या शाळेत जातो. इंटर्नशिपला एक रुपया मिळत नाही. वडील फोनवर विचारतात, "नोकरी लागंल का?" काय सांगू? कधीकधी सकाळी उठावंसंच वाटत नाही. शाळेत बांधकामावरच्या कुटुंबांतली मुलं खूप आहेत. सहावीत एक मुलगा कलबुर्गीकडचा, त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याला रोज सुट्टीत पंधरा मिनिटं घेऊन बसतो. परवा बसथांब्यावर भेटला तेव्हा त्यानं समोरच्या बसची पाटी वाचली, "म-न-पा". मग विचारलं, "सर, मनपा म्हणजे काय?" तेवढ्यात माझी बस आली.
– छात्राध्यापक

उत्तर : वडिलांना खरं सांगा. शिक्षकांची भरती राज्याची अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' या सरकारी भरती पोर्टलमधून होते, आणि ती चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधली पाच वर्षं तुमच्यासारखी हजारो मुलं वाट बघत बसली. कुणीही तुम्हाला तारीख देऊ शकत नाही, मीही नाही. तुमच्या हातात काय आहे तेही सांगा. टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र २०२१ पासून आयुष्यभर चालतं, म्हणून ती लवकर उत्तीर्ण होऊन ठेवा. कॉलेज संपेपर्यंत संध्याकाळी एखादी शिकवणी धरा, मेसचा खर्च निघाला तरी फोनवरचा आवाज बदलेल. १६ आठवडे बिनपैशांनी राबवून घेणं गावाकडून आलेल्या मुलांना परवडत नाही. यात दोष व्यवस्थेचा आहे आणि तो मी जिथे बोलायला मिळतं तिथे बोलते. तुमच्या निराशेत तुमचा कमकुवतपणा शोधू नका.

सकाळी उठावंसं न वाटणं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर एकट्यानं ओढत बसू नका. खोलीतल्या मित्राला सांगा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि चोवीस तास कुणीतरी उचलतं. मराठीत बोलता येतं.

आता त्या मुलाबद्दल. तुम्ही त्याला पत्राच्या अगदी शेवटी टाकलंत, जणू ती किरकोळ गोष्ट आहे. त्याला कन्नड येतं, बहुतेक थोडं हिंदीही. आता तो तिसरी भाषा वाचायला शिकतोय, तीही आई-बाप ज्या शहराच्या इमारती बांधतात त्या शहराच्या पाट्यांवरून. बाराखडीचा तक्ता बाजूला ठेवा आणि रोज एक पाटी वहीत लिहून न्या : स्वारगेट, कात्रज, हडपसर, पुणे स्टेशन. त्याला प्रत्येक नावापुढे कन्नडमध्येही लिहायला सांगा, म्हणजे एखादं अक्षर तुम्हालाही तो शिकवेल. इतर मुलांसमोर त्याला फळ्यावर लिहू द्या.

आणि 'मनपा म्हणजे काय' हे त्याला सांगितलंत का? तुमची बस आली आणि प्रश्न तिथेच राहिला. उद्या सुट्टीत आधी तेवढं सांगा. महानगरपालिका. शब्द लांब आहे, तोडून लिहा.