तांदूळ निवडले, पण ‘राइस’ शिजला

प्रश्न : आमच्या मुलीने इंग्रजी निबंधात ‘द राइसेस आर कुक्ड’ असे लिहिले, ते शिक्षकांनी चूक दिले, त्याच निबंधातले ‘द पीज आर कुक्ड’ मात्र बरोबर ठरले. दाणे तर दोहोंचेही मोजता येतात, मग हा भेद का? तसेच ‘टू कॉफीज’ म्हणणे योग्य आहे का?
– एक पालक, सातारा

उत्तर : मुलीची चूक मराठीतून आलेली आहे आणि ती समजण्याजोगी आहे. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘पोहे झाले’ असे अनेकवचन सहज वापरतो. पण तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’ असे एकवचनात बोलतो. म्हणजे एखादे नाम गणनीय आहे की नाही, हे ताटातले दाणे ठरवत नाहीत, ती ती भाषा ठरवते. इंग्रजीत तांदूळ आणि भात या दोहोंना ‘राइस’ हा एकच शब्द आहे आणि तो अगणनीय आहे. म्हणून ‘द राइस इज कुक्ड’ म्हणावे, ‘मेनी’ऐवजी ‘मच’ वापरावे आणि एकच दाणा सांगायचा असेल, तर ‘अ ग्रेन ऑफ राइस’ म्हणावे. गव्हाचा ‘व्हीट’ अगणनीय, तर ‘ओट्स’ अनेकवचनी! येथे तर्क चालत नाही, पाठांतरच करावे लागते.

मटाराची कथा गमतीची आहे. पूर्वी इंग्रजीत ‘पीज’ हाच मूळ शब्द होता आणि तो ‘राइस’सारखा ढिगालाही लावत. त्यातला शेवटचा ‘ज’ हा अनेकवचनाचा प्रत्यय असावा, अशा समजुतीने तो छाटला गेला आणि १७व्या शतकात ‘पी’ हे नवे एकवचन रूढ झाले. जुने रूप ‘पीज पुडिंग’ या पदार्थाच्या नावात अजून टिकून आहे.

‘टू कॉफीज’ हे उपाहारगृहात निःशंक म्हणावे. आपण ‘दोन चहा द्या’ म्हणतो, तेव्हा कप जसा गृहीत असतो, तसाच तो येथेही असतो. ब्रेडबाबत मात्र सावध राहावे. दुकानात आपण ‘एक ब्रेड द्या’ म्हणतो, पण इंग्रजीत अख्ख्या पावाला ‘अ लोफ ऑफ ब्रेड’ आणि कापलेल्या तुकड्याला ‘अ स्लाइस ऑफ ब्रेड’ म्हणतात. ‘टू चपातीज’ला मात्र कोणाची हरकत नसते. आणि ‘आय एट अ चिकन’ असे लिहिल्यास अख्खी कोंबडी एकट्याने फस्त केली असा अर्थ होतो. दोन-चार तुकडेच खाल्ले असतील, तर ‘अ’ गाळावा.