आठ कोर, सोळा जीबी आणि रुईचा गोळा

प्रश्न : ताई, मी आर्वी तालुक्यातला, कापूस-सोयाबीन करतो. पोरगा बारावी झाला, आता प्लेस्टेशन ५ मागतो. म्हणते, त्यात आठ कोर, सोळा जीबी हाय, तेवढ्याच ताकदीचा कॉम्प्युटर लय महाग पडते. खरं हाय का?

उत्तर : भाऊ, पोराचं चुकलं नाही. २०२० साली आलेल्या त्या कन्सोलमध्ये (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) एएमडी कंपनीचा झेन २ जातीचा प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी मुख्य चिप आहे; तिच्यात एकाच वेळी राबणारे आठ कोर, म्हणजे कॉम्प्युटरचंच बियाणं.

सोळा जीबीचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. कॉम्प्युटरात प्रोसेसरची रॅम (काम चालू असतानाची मेमरी) वेगळी, पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डची मेमरी वेगळी. कन्सोलमध्ये दोघंही त्याच सोळा जीबीवर भागवतात. ती मेमरी जीडीडीआर ६, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या जातीची, सेकंदाला ४४८ जीबी वाहून नेणारी. कॉम्प्युटरच्या साध्या डीडीआर ४ रॅमच्या दोन पट्ट्या मिळून ५१ जीबीच्या आसपास नेतात. ठिबकची नळी आणि कालवा समजा. कॉम्प्युटरात कालवा हवा तर ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि दाम तिथंच चढतो. शिवाय कन्सोलवाल्या कंपन्या यंत्रावर फार कमावत नाहीत, कधी तोट्यातही विकतात. वसुली गेममधून आणि वर्गणीतून होते. पण ती मेमरी बोर्डावर पक्की बसवलेली. पुढच्या दिवाळीला एक पट्टी वाढवू म्हणाल, तर जमायचं नाही.

आता आपल्या उन्हाचं. या कन्सोलच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलंय; आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. माझं दुरुस्तीचं दुकान हिंगणघाटात, समोरच जिनिंग. मागच्या उन्हाळ्यात एक कन्सोल आला, पंख्यात रुईचा अख्खा गोळा. पंखा साफ करून दिला, पण प्रोसेसरवर उष्णता ओढून घ्यायला नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, तिथपर्यंत मी हात घालत नाही. कॉम्प्युटरचं झाकण काढून ब्लोअर मारायला पोरगा स्वतः शिकेल.

अर्ज, सातबारा, कॉलेजचा अभ्यास यातलं काही कन्सोलवर धड होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, असेंबल केलेला डेस्कटॉप घ्या. ग्राफिक्स कार्ड कापूस विकल्यावर टाका, पण एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आत्ताच चांगला घ्या आणि सोबत यूपीएस. रात्री लाइन कशी येते-जाते, तुम्हाला माहीतच आहे.

तरी कन्सोलच घ्यायचा ठरला, तर डिस्कवाला, म्हणजे गेमची चकती घालता येते तो घ्या. मोठा गेम ५० ते १०० जीबीचा असतो. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तो उतरवायला महिना-दीड महिना जाईल.