‘क्रिएटर’ थकले आहेत का?

प्रश्न : मी वणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वडील कोळसा खाणीत कामाला आहेत आणि मी घरची कपाशी सांभाळून पदवीचे शिक्षण घेत आहे. मोठ्या भावामुळे मला जर्मनीच्या ‘क्रिएटर’ या थ्रॅश मेटल (अतिशय जलद, आक्रमक रॉक संगीत) बँडची गोडी लागली. त्यांचा १९८६ चा ‘प्लेझर टू किल’ आणि २०२२ चा ‘हेट युबर आलेस’ हे दोन अल्बम मी लागोपाठ ऐकले. दुसऱ्यात सुरावटी आहेत, संथ भाग आहेत आणि एका गाण्यात तर स्त्रीचा मोकळा आवाज आहे. भाऊ म्हणतो, ही मंडळी आता थकली. मला मात्र हा अल्बमही मनापासून आवडतो. याला पक्वता म्हणावे की उतरती कळा?
– एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या भावाची तक्रार खोटी नाही, पण ती जुनी आहे, हा बँड मवाळ झाला असे श्रोते १९९२ पासून म्हणत आले आहेत. त्या वेळी काय घडले ते आधी पाहू, कारण २०२२ च्या अल्बमची मुळे तिथे आहेत.

‘क्रिएटर’ एसेन शहरातला बँड. एसेन म्हणजे रुर खोऱ्यातला कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. वणी-राजूर भागात वाढलेल्या माणसाला तो फार परका वाटू नये. ‘प्लेझर टू किल’ आला त्याच १९८६ साली, डिसेंबरमध्ये, तिथली त्सोल्फराइन ही प्रसिद्ध खाण बंद झाली. १९८५ मध्ये ‘एंडलेस पेन’ हा पहिला अल्बम निघाला तेव्हा गायक-गिटारवादक मिले पेट्रोझा १७ वर्षांचा होता. तळहाताची कड तारांच्या बुडाशी टेकवून दाबलेले, तुटक आणि अतिशय जलद आघात, त्याखाली दोन्ही पायांनी वाजणारा ड्रम आणि वर किंचाळणारा गळा, एवढ्या सामग्रीवर ते सारे उभे होते. पोरवयातला तो वेग आजही अंगावर येतो आणि त्याची किंमत मी कमी लेखणार नाही. मात्र त्या वादनात वेगाला पर्याय नव्हता, कारण वेगाखेरीज दुसरे काही त्यांना अजून येत नव्हते.

१९९२ च्या ‘रिन्यूअल’मध्ये त्यांनी वेग जाणीवपूर्वक कमी केला आणि १९९९ च्या ‘एंडोरामा’त तर पेट्रोझा आरडाओरडा बाजूला ठेवून सरळ गायला. पुष्कळ जुने श्रोते दुखावले. ‘एंडोरामा’ मलाही पूर्णपणे पटलेला नाही. त्यातली काही गाणी उदास वातावरण निर्माण करतात आणि तिथेच थांबतात. तरीही त्या शोधाविना पुढचे घडले नसते. २००१ मध्ये सामी युली-सिर्निओ हा फिनलंडचा गिटारवादक सोबत आला आणि ‘व्हायोलंट रेव्होल्यूशन’ निघाला, तेव्हा वेग परतला होता. पण आता दोन गिटारी मिळून सुरावट धरत होत्या आणि ध्रुवपद येण्याआधी लय क्षणभर रोखली जात होती. माझ्या मते या बँडच्या पक्वतेची खरी सुरुवात इथे आहे, आणि २०२२ चा अल्बम त्याच वाटेवरचा आहे.

तुमच्या भागात खंजिरी भजने होत असतील, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने गाणाऱ्या मंडळात नवखा मुलगा खंजिरी हाती येताच पहिल्या कडव्यापासून दुगुन, म्हणजे दुप्पट लय, सुरू करतो, आणि लय चढवायची वेळ येते तेव्हा त्याच्याजवळ चढवायला काही उरलेले नसते. जाणता वादक दोन-तीन कडवी साधा ठेका धरून बसतो, गाणाऱ्याचे शब्द पोहोचू देतो, आणि शेवटी लय अशी उचलतो की बसलेली माणसे सावरून बसतात. त्याची बोटे संथ झालेली नसतात. माझ्या लहानपणी आमच्या गावी असे एक वयस्क वादक होते, आणि ते हात आवरून बसले की आम्हा मुलांना पुढे काय येणार हे कळत असे.

हाच आवरलेला हात ‘हेट युबर आलेस’मध्ये ऐकू येतो. तुम्ही उल्लेखिलेले गाणे ‘मिडनाइट सन’. त्यात सोफिया पोर्टानेट ही गायिका आहे. तिचा मोकळा आवाज आणि पेट्रोझाचा खरखरीत गळा शेजारी आल्यामुळे तो गळा अधिक धारदार वाटतो. हा अल्बम आला तेव्हा पेट्रोझा ५४ वर्षांचा होता, तरी त्याचे शब्द पूर्वीपेक्षा स्पष्ट आहेत. सतराव्या वर्षी तो मृत्यू आणि रक्तपात यांविषयी ओरडत होता. आता त्याचा राग द्वेषाच्या राजकारणावर आहे, आणि असा राग कळायचा तर शब्द कळावे लागतात. ड्रमवर मधली काही वर्षे वगळता आरंभापासूनचाच वादक, व्हेंटर, आहे.

भावाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या अल्बममधली काही ध्रुवपदे मोठ्या मैदानातल्या गर्दीने एकत्र म्हणावीत अशाच बेताने रचलेली वाटतात. ती लगेच तोंडी बसतात आणि तितक्याच लवकर विटतात. भावाला तिथे थकवा जाणवत असेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फक्त त्या दोषाचे कारण वय नसून सोपेपणाचा मोह आहे, एवढे म्हणेन.

मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यात खालचे स्वर हरवतात, मग संथ भाग पोकळ वाटतात आणि केवळ जलद भाग तग धरतात. भावाचे मत कदाचित तिथेच बनले असेल. बरा हेडफोन मिळवा, अल्बमचे शेवटचे गाणे ‘डाइंग प्लॅनेट’ लावा आणि गिटारीकडे दुर्लक्ष करून आधी फक्त ड्रम ऐका. ते गाणे संथ, जड रिफवर, म्हणजे गिटारीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर, उभे आहे. एकदा तुम्ही ऐका, एकदा भावाला ऐकवा, आणि त्याला काय वाटले ते आम्हाला अवश्य कळवा.