पद्मिनीचे बॉनेट प्रथमच उघडताना

जुन्या गाडीची डागडुजी शिकताना आपण प्रीमियर पद्मिनीपासून सुरुवात करीत आहात, हे उत्तम. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. त्यानंतर काहीही काढण्यापूर्वी प्रत्येक वायरचे व नळीचे छायाचित्र घेऊन तिला चिठ्ठी बांधावी, कारण स्मरणशक्तीवर विसंबण्याची चूक बहुतेक नवशिके करतात (मीही केली होती, स्पार्क प्लगच्या वायरींचा क्रम चुकला आणि इंजिन सुरूच होईना). इंजिन धुताना कार्ब्युरेटर (पेट्रोल व हवा मिसळणारा भाग), तसेच कॉइल व डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) प्लॅस्टिकने झाकावेत. प्रेशर वॉशर टाळावा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंजावरच मारलेला रंग लवकर फुगतो, म्हणून बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा स्वच्छ घासून त्याच दिवशी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावावा. इंजिन उतरवण्याचा विचार तूर्त नको.