गंजिफ्राक ‘आपला’ आणि बनियन ‘परका’?

प्रश्न असा: ‘बनियन’ हा इंग्रजी शब्द टाळून ‘गंजिफ्राक’ हा आपला जुना मराठी शब्द वापरावा का?

खुशाल वापरा, पण ‘आपला’ म्हणून नको. अगदी उलटं आहे, आणि ही समजूत इतक्यांदा कानावर येते की स्पष्ट सांगायलाच हवं.

बनियनचं थोडक्यात. संस्कृत वणिज्, त्यावरून गुजराती वाणियो. तो शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजांकडे गेला आणि या व्यापाऱ्यांच्या अंगातल्या सैल कपड्याला त्यांचंच नाव पडलं. 18व्या शतकात इंग्रज श्रीमंत घरात घालायच्या लांब झग्याला बन्यन म्हणत; 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आतून घालायचा कपडा झालेला दिसतो. वडालाही इंग्रजीत बन्यन म्हणतात ते याच व्यापाऱ्यांमुळे. तेव्हा झाडावरून कपड्याचं नाव आलं, असं सांगणाऱ्यांनी क्रम तपासावा. बनियन हा आपल्या ‘वाणी’चा सख्खा भाऊ आहे.

गंजिफ्राक मात्र नखशिखांत इंग्रजी! इंग्लिश खाडीत गर्न्झी नावाचं बेट आहे. तिथल्या कोळ्यांचा अंगाबरोबर बसणारा, घट्ट विणीचा लोकरी सदरा म्हणजे गर्न्झी फ्रॉक. पुढची-मागची बाजू सारखीच, त्यामुळे कोपराशी झिजला की फिरवून घालायचा. हात उचलताना ओढ बसू नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा विणलेला. फ्रॉक म्हणजे तेव्हा खलाशांचा, मजुरांचा अंगरखा. मुलींचा झगा इथे डोळ्यांसमोर आणू नका. सावंतवाडीच्या गंजिफांशी, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांशी, तर संबंध मुळीच जोडू नका. ‘गंजिफ’ एवढी अक्षरं जुळली म्हणजे व्युत्पत्ती होत नाही.

इंग्रजी उच्चारातला र जेमतेम ऐकू येतो. तो गळला, ‘न्झी’चं ‘ंजी’ झालं. बंगालीत गेंजी, बिहारकडे गंजी. ‘फ्राक’ हे शेपूट मराठीने आणि गुजरातीने जपलं. माझं ठाम मत आहे की हा शब्द साहेबाच्या बंगल्यातून नव्हे, गोदीतून आला. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी या सदऱ्याला ‘गॅन्झी’च म्हणतात. ते आणि आपलं ‘गंजी’ शेजारी ठेवून म्हणून पाहा. ‘फ्रॉक’चा ‘फ्राक’ही त्याच बोलीतला, डॉक्टरचा डाक्तर करणाऱ्या.

बंडीला गंजिफ्राक म्हणणं ही आणखी एक चूक. बंडी कापून शिवतात. मांजरपाटाला ताण नसतो, म्हणून तिला पुढून उघडी ठेवून बंद किंवा गुंड्या लावाव्या लागतात. गंजिफ्राक विणीचा, ताणला जातो, डोक्यावरून घालता येतो. गुंडी लागतच नाही.

आणि गर्न्झीच्या शेजारचं बेट कोणतं? जर्सी. खेळाडूंच्या अंगातली जर्सीही त्या बेटाची आणि गोठ्यातली जर्सी गायही तिथलीच.